आत्मविकास डायरी: वर्तुळ कामाचं, सिद्धान्तांची पानं नाहीत

या प्रकारच्या डायऱ्यांचा गाभा ठरलेला: जीवनचक्र, म्हणजे आयुष्याचे आठ भाग दाखवणारं वर्तुळ. आरोग्य, पैसा, काम, नाती वगैरे. प्रत्येकाला १ ते १० गुण द्यायचे. चक्र उपयोगी आहे, सूचना अपुऱ्या. आपल्या लेखी १० म्हणजे काय, हे आधी एका ओळीत लिहून ठेवलं नाही, तर महिन्याभराने दिलेले गुण ताडून पाहता येत नाहीत. आकड्यात त्या दिवसाचा मूडच उतरतो. सगळ्यात कमी गुणाचा भागच आधी घ्या, हा सल्लाही फसवा. जिथे लगेच काही हलवता येईल असा एकच भाग निवडा. कृती 'व्यायाम वाढवणे' अशी नको, 'मंगळवार-शुक्रवार जेवणानंतर २० मिनिटं चालणे' अशी लिहा.

शेवटची सिद्धान्तांची पानं खुशाल वगळा. तिथे मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो यांच्या नावाने गरजांचा पिरॅमिड दिलेला असतो, पण त्यांच्या १९४३च्या लेखात पिरॅमिड नाहीच. एक गरज पूर्ण भागल्यावरच पुढची जागी होते, असंही ते म्हणत नाहीत. त्याऐवजी मानसशास्त्रज्ञ कॅरल रिफ यांचे मानसिक स्वास्थ्याचे सहा पैलू (१९८९) हवे होते: आत्मस्वीकार, स्वायत्तता, नाती, परिसरावर पकड, जीवनहेतू, वाढ. गुण देताना ते थेट वापरता येतात.

कागद मात्र चांगला, शाई पाझरत नाही.