टॉवेलच्या मागावरील मोजणी यंत्र : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीत आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. माग किती चालला आणि कशामुळे थांबला याची नोंद ठेवणारे, सोलापुरातल्याच काही तरुण अभियंत्यांनी तयार केलेले यंत्र आम्ही जानेवारीत, गड्डा यात्रेच्या दिवसांत बसवून घेतले. त्या वेळी ते बाजारात आलेले नव्हते. पहिल्या काही ग्राहकांच्या मागांवरच ते घडवायचे आणि त्या बदल्यात या ग्राहकांना ते निम्म्या किमतीत द्यायचे, असा व्यवहार ठरला होता. त्यामुळे हा अभिप्राय जितका यंत्राविषयी आहे, तितकाच ते घडवण्याच्या पद्धतीविषयीही आहे.

यंत्राचे तत्त्व साधे आहे. मागाच्या क्रँक शाफ्टचा एक फेरा झाला की बाण्याचा एक आडवा धागा पडतो, म्हणजेच एक पिक होते. शाफ्टवर बसवलेली लोखंडी पट्टी सेन्सरसमोरून गेली की आकडा एकाने वाढतो. पिकांवरून टॉवेल आणि टॉवेलांवरून डझन निघतात. मोजणीबद्दल माझी तक्रार नाही. गोदामातल्या डझनांशी आकडे जुळतात आणि क्वचित फरक पडलाच, तर तो धागा तुटल्यावर माग हाताने फिरवल्यामुळे पडलेला असतो.

खरी अडचण होती ती थांबण्याचे कारण नोंदवण्याची. पहिल्या आवृत्तीत टच स्क्रीनवर मराठी आणि इंग्रजीत कारणांची लांबलचक यादी होती, आणि ती मालकमंडळींना विचारून बनवलेली होती. मागावर उभ्या असलेल्या माणसाच्या बोटांना तेल आणि कापूस चिकटलेला असतो, आमच्याकडच्या बहुतेक विणकरांची घरची भाषा तेलुगू आहे, आणि बाण्याच्या सुताची कांडी बदलण्याच्या घाईत यादी वाचत बसायला कोणालाच सवड नसते. परिणामी जवळजवळ प्रत्येक थांबा ‘इतर’ या सदरात जमा होऊ लागला. शिवाय स्क्रीनचे तोंड मालकाच्या येण्याजाण्याच्या वाटेकडे होते. एका विणकराने त्यावर सरळ टॉवेल टाकून ठेवला.

या गटाचे कौतुक करावे ते इथे. टॉवेल कोणी टाकला याची चौकशी न करता त्यांच्यातला एक जण रात्रपाळीला येऊन जॉबरच्या, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या, शेजारी उभा राहू लागला. त्यानंतरच्या आवृत्तीत स्क्रीनला हात लावण्याची गरजच उरली नाही. ताण्याचा उभा धागा तुटला तर लाल, बाण्याची अडचण असेल तर पिवळे, जॉबर हवा असेल तर निळे आणि बीम, म्हणजे ताणा गुंडाळलेला रूळ, बदलायचा असेल तर पांढरे, अशी चार ठसठशीत बटणे आली. स्क्रीन विणकराच्या बाजूला वळवला गेला आणि पाळी सुरू झाल्यापासूनचे पिक त्याला स्वतःला दिसू लागले. मजुरी कामाच्या मापावर असल्यामुळे विणकरच आता सेन्सर नीट चालतो की नाही यावर लक्ष ठेवतात, आणि पगाराच्या दिवशी होणारी हिशेबाची हुज्जत जवळजवळ थांबली आहे. सूत खराब म्हणून माग बंद पडतात, असा कारखान्यात सर्वसाधारण समज होता. निळ्या बटणाच्या नोंदींवरून मात्र सर्वाधिक वेळ जॉबरची वाट पाहण्यात जातो असे दिसले, आणि त्यानंतर आम्ही रात्रपाळीला दुसरा जॉबर ठेवला.

यंत्राच्या पेटीतही असाच बदल करावा लागला. हवा खेळण्यासाठी ठेवलेली भोके कापसाच्या तंतूंनी बुजत होती. ती बंद केली, तर मे महिन्यात पत्र्याखालच्या उन्हाळ्यात पेटी तापून बंद पडू लागली. शेवटी उष्णता बाहेर टाकणारी ॲल्युमिनियमची बंद पेटी आली. ती टिकली आहे.

मात्र ग्राहक मागेल ते देत जाणे हे काही उत्तर नव्हे. बोइंगने 777 विमानाची आखणी करताना आठ विमान कंपन्यांना सुरुवातीपासून चर्चेत बसवले होते, आणि 1995 मध्ये सेवेत आलेल्या त्या विमानाचे उदाहरण अशा सहकार्यासाठी आवर्जून दिले जाते. पण विमानतळावरच्या अरुंद जागेत उभे करता यावे म्हणून त्याच मूळ 777 साठी पंखांची टोके दुमडण्याची जी सोय देऊ केली होती, ती एकाही कंपनीने विकत घेतली नाही. आम्हा पहिल्या ग्राहकांमध्येही काहीसे तसेच झाले. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, चादरी विणणाऱ्या एका कारखानदारांनी नक्षीनिहाय नोंद मागितली, अभियंत्यांनी अनेक आठवडे खर्चून ती बनवली, आणि वेगळे शुल्क सांगताच ती नको झाली. टॉवेलवाल्यांच्या स्क्रीनवर ते निरुपयोगी पान अजूनही मधे येते. नवी सोय मागणाऱ्याकडून आगाऊ थोडी रक्कम घेतली असती, तर हा प्रश्न पहिल्याच दिवशी निकालात निघाला असता.

माझी मोठी नाराजी वेगळीच आहे. जुन्या पेट्या बदलून देण्याचा खर्च कोणाचा आणि मागांवर जमा झालेली माहिती कोणाची, यांपैकी काहीच सुरुवातीला लेखी ठरलेले नव्हते. पेट्यांचा खर्च वाटाघाटीने अर्धा-अर्धा झाला. माहिती मात्र आजही त्यांच्याच ॲपमध्ये आहे. महिन्याची नोंद फाइलच्या स्वरूपात काढून हिशेबनिसाला देता येत नाही, आणि प्रत्येक बैठकीत ‘पुढच्या आवृत्तीत’ एवढेच उत्तर मिळते.

पीस रेटवर काम चालणाऱ्या टॉवेल कारखान्याने हे यंत्र घ्यावे, असे मी सुचवेन. चादरीच्या मागांसाठी त्याची शिफारस करता येणार नाही. आमच्या उरलेल्या मागांसाठी नव्या पेट्यांची ऑर्डर फाइल काढण्याची सोय झाल्यावरच देऊ, असे मी त्यांना लेखी कळवले आहे.