ड्रॅगनला वैरण कोण घालतं? सरहद्दीच्या ड्रॅगन-कादंबऱ्या, गावच्या वाचनालयात आठ महिने

किशोरांसाठीच्या ड्रॅगनच्या तीन जाड कादंबऱ्या विदर्भातल्या एका गावच्या वाचनालयात जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत फिरल्या. तिन्हींचा साचा सारखाच. जगाच्या टोकाची वस्ती, हाडं गोठवणारी थंडी नाहीतर रखरखीत माळ, पंधरा-सोळा वर्षांचं पोर आणि त्याच्या पदरात पडलेला ड्रॅगन. वाचणारे सातवी ते बारावीचे, बहुतेकांच्या घरी बैलजोडी किंवा शेळ्या. आठ महिन्यांनंतर एक गोष्ट ठामपणे सांगता येते. ज्या कादंबरीत ड्रॅगन पोसावा लागतो, ती शेवटपर्यंत वाचली गेली. ज्यात तो नुसता उडतो आणि आग ओकतो, ती शंभरेक पानांनंतर कपाटात परत आली.

गोठ्यात वाढलेल्या पोराचा पहिला प्रश्न तलवारीबद्दल नसतो. "थो खाते काय? अन् पाजते कोन त्याले?" हा प्रश्न प्रत्येक पुस्तकाला पहिल्याच आठवड्यात आला. चारशे किलोच्या बैलाला दिवसाला आठ ते दहा किलो कोरडा चारा लागतो, म्हणजे कडबा, कुटार आणि वरून थोडी ढेप, हे ज्याला पाठ आहे त्याला लेखकाचं मोघम उत्तर चालत नाही. म्हणून हा हिशेब एकदा फळ्यावर मांडून घ्यावा. ताडोबातल्या वाघाचं उदाहरण हाताशी आहे. दोनशे किलोच्या वाघाला वर्षाला चितळाएवढी साधारण 50 जनावरं लागतात, आणि ती दरवर्षी मिळत राहायची तर जंगलात मागे सुमारे 500 जनावरं असावी लागतात. आता ड्रॅगन दोन टनांचा धरा. वजन दहा पट झालं म्हणून भूक दहा पट होत नाही. मोठ्या जनावराचं शरीर किलोमागे कमी जाळतं, त्यामुळे ती साधारण साडेपाच पट होते. म्हणजे वर्षाला चितळाएवढी 280 जनावरं. शेळ्यांत मोजलं, एक शेळी तीस किलोची धरली, तर आठवड्याला नऊ शेळ्या. साठ शेळ्यांची वस्ती दोन महिन्यांच्या आत रिकामी.

तीनपैकी एका कादंबरीने हा हिशेब कथेच्या पोटात घेतला आहे. वस्तीवर ड्रॅगन येतो, कळप घटत जातो, आणि भांडण राजाशी न होता शेजाऱ्याशी होतं. तेच पुस्तक सर्वांत जास्त वाचलं गेलं. दुसरीत आठवड्याला एक बकरं टाकलं की ड्रॅगन खूश. हेही चालू शकतं, पण मग तो थंड रक्ताचा हवा. कोमोडो ड्रॅगन एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या 80 टक्क्यांपर्यंत खातो आणि वर्षाला डझनभर जेवणांवर तग धरतो. पण असं जनावर उन्हात तापल्याशिवाय हलत नाही. बर्फात, पहाटेच्या काळोखात, आठवड्याला एक बकरं खाऊन झेप घेणारा ड्रॅगन लेखकाला दोन्ही बाजूंनी हवा आहे, आणि तिथेच पोरांनी पुस्तक मिटलं. विकत घेण्याआधी एवढंच तपासा: ड्रॅगनच्या जेवणाचा प्रसंग किती पानांवर आहे आणि ते जेवण कुठून येतं. पहिल्या ऐंशी पानांत उत्तर नसेल तर पुढेही नसतं.

खोगिराचं प्रकरण तीनही पुस्तकांत आहे, पण लिहिलंय एकानेच. नायिका ड्रॅगनच्या मानेखालून तंग आवळते, दोन दिवस उडते, तिसऱ्या दिवशी तंगाखालचे खवले उचकटून खालचं चामडं लाल पडलेलं दिसतं. चौथ्या दिवशी तिथे पाणी सुटतं आणि ड्रॅगन पंख उघडायला तयार नसतो. हे पान वाचताना खोलीत कुणालाच समजावून सांगावं लागलं नाही. जू घासून बैलाचा खांदा येतो, तेच हे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांद शेकताना हळद-तूप कुठे चोळायचं हे हातांना माहीत असतं, त्यामुळे नायिकेने तंग पुन्हा त्याच जागी बांधल्यावर पोरं चिडली. बरोबरच चिडली. घासलेली जागा मोकळी ठेवून पट्टा चार बोटं मागे न्यावा लागतो, खाली मऊ गादी द्यावी लागते आणि जनावराला किमान आठवडाभर जुंपता येत नाही. लेखकाने पुढच्या प्रकरणात नेमकं हेच दाखवलंय, आणि त्या आठवड्याच्या खोळंब्यामुळेच पुढचा हल्ला चुकवता येत नाही. जनावराच्या दुखण्यातून कथा वळते, अशी जागा या प्रकारात फार क्वचित सापडते.

उडण्याच्या बाबतीत बहुतेक कादंबऱ्या ढिल्या आहेत. लांबी दुप्पट केली की पंखाचं क्षेत्र चौपट होतं आणि वजन आठपट, म्हणून मोठं जनावर उडवणं कठीण होत जातं. आजवर सापडलेल्या सर्वांत मोठ्या उडणाऱ्या प्राण्यांपैकी एक म्हणजे क्वेट्झलकोॲटलस, डायनासोरच्या काळातला पंखवाला सरपटणारा प्राणी. त्याचा पंखविस्तार सुमारे दहा मीटर आणि वजन अंदाजे दोनशे ते अडीचशे किलो. दोन टनांचा ड्रॅगन वर माणूस घेऊन उडतो हे कल्पनेवर सोडून द्यावं, त्यात काही वावगं नाही. पण उड्डाणाची पद्धत तरी खरी वाटली पाहिजे. गिधाडं सकाळी जमीन तापेपर्यंत कड्यावरच बसून राहतात, मग गरम हवेच्या भोवऱ्यावर पंख न हलवता वर चढतात. गोंदियाकडचा सारस चार पावलं धावल्याशिवाय हवेत जात नाही. ज्या पुस्तकातला ड्रॅगन कड्याचा आधार घेतो, सकाळी जड आणि दुपारी हलका असतो, ते पटतं. सपाट बर्फावरून उभ्या उभ्या उडणारा पटत नाही.

अंड्याबद्दल एक आग्रहाची सूचना. पोत्याएवढं अंडं असलेलं चित्र मुखपृष्ठावर असेल तर मुलांना आधीच सांगावं की अंडं असं वाढत नाही. आकार वाढला की कवच जाड करावं लागतं, आणि फार जाड कवचातून आतल्या पिल्लाला हवा पुरत नाही. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात टायटॅनोसॉर डायनासोरची 92 घरटी आणि 256 अंडी सापडल्याचा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. एवढ्या अजस्र जनावराची ती अंडी जेमतेम 15 ते 17 सेंटिमीटरची आहेत, मोठ्या बेलफळाहून थोडीच मोठी. लामेटा नावाच्या खडकाच्या ज्या थरातली ती आहेत तोच थर आपल्याकडेही आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला डायनासोरची हाडं आणि दगड झालेलं शेण मिळतं. 2005 मध्ये त्या शेणात गवताचे सूक्ष्म अवशेष सापडले आणि डायनासोरच्या काळातही गवत होतं हे कळलं. शेणावरून चारा ओळखता येतो, ही गोष्ट ड्रॅगनच्या माग काढण्याच्या प्रकरणाआधी सांगून ठेवली तर ते प्रकरण दुप्पट रंगतं.

आगीसाठी बॉम्बार्डियर भुंगेऱ्याचं उदाहरण पुरेसं आहे. त्याच्या पोटात हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड साठलेलं असतं. वेळ आली की ते विकरांच्या कप्प्यात येतं आणि सुमारे 100 अंश तापमानाचा फवारा पिचकारीसारखा सुटतो. फवारणी पंप पाठीवर घेतलेल्या माणसाला पुढचं आपोआप कळतं: टाकी रिकामी होते, नोझल तुंबतं आणि वाऱ्याच्या तोंडावर फवारलं तर सगळं आपल्याच अंगावर येतं. ड्रॅगनची आग संपते का आणि वारा तिला वळवतो का, हे दोन प्रश्न कुठल्याही लढाईच्या प्रकरणाला लावून पाहा.

बर्फाचं वर्णन मात्र इथे अडतं. चिखलदऱ्याचं धुकं माहीत असतं, पण पाच फूट बर्फात रुतणं नाही. फेब्रुवारी-मार्च 2014 ची गारपीट घरातल्या मोठ्यांना आठवते, तिथून सुरुवात करावी. उलट माळावरच्या, पाण्याच्या शोधातल्या सरहद्दीची कादंबरी एका दमात समजते. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 47 च्या आसपास जातो, इथल्या पोरांना उन्हाची झळ शब्दाने शिकवावी लागत नाही.

मराठीतून वाचून दाखवायचं असेल तर 'ड्रॅगन' हा शब्द तसाच ठेवा. अजगर म्हटलं की बांधावरचा अजगर डोळ्यापुढे येतो आणि सगळा धाक निघून जातो. 'व्याल' देवळाच्या भिंतीवर शोभतो, पण जिवंत होत नाही. खवले, खोगीर, तंग, लगाम हे शब्द तयारच आहेत. पंखासाठी 'पातळ चामडं' म्हणावं, पिसांचा गैरसमज होत नाही.

वाचनाचं गणित असं. मोठ्याने, नीट वाचलं तर मिनिटाला शंभर ते एकशेवीस शब्द होतात. नव्वद हजार शब्दांच्या कादंबरीला साडेतेरा-चौदा तास लागतात. अर्ध्या तासाच्या सत्तावीस-अठ्ठावीस बैठका, आठवड्याला तीन, म्हणजे नऊ-साडेनऊ आठवडे. विदर्भात शाळा जूनअखेरीस उघडतात, म्हणून जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरू केलं तर पहिलं पुस्तक पोळ्याच्या आसपास संपतं. मोठी चूक होते ती दुसऱ्या पुस्तकाची. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन निघतं, पाठोपाठ कापसाची वेचणी लागते आणि बैठकीला निम्मी डोकी नसतात. सलग कथानकाची कादंबरी या दिवसांत सुरू केली की गळालेलं पोर परत येत नाही, कारण त्याला कुणाचा ड्रॅगन कुठे गेला तेच कळत नाही. त्या दोन महिन्यांत सुट्या प्रकरणांचं, प्रत्येक प्रकरणात एक मोहीम संपणारं पुस्तक घ्यावं. सुरुवातीला पाच ओळींत मागचं सांगावं आणि हजेरी विचारू नये.

नकाशा पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या आत छापलेला असतो आणि पहिला तोच फाटतो. पहिल्याच दिवशी ए-3 वर झेरॉक्स मारून लॅमिनेट करावा. वाटेवर दोरा ठेवून अंतर मोजायला लावावं. बैलगाडी दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर जाते हे धरलं की लेखकाच्या 'तीन दिवसांच्या वाटचाली' तपासता येतात. एका कादंबरीत नायक बैलगाडीने तीन दिवसांत जे अंतर कापतो ते नकाशावर दोनशे किलोमीटरच्या वर भरतं. मुलांनी ते पेन्सिलीने समासात लिहून ठेवलंय, आणि ते खोडू नये.

आता पुस्तकाच्या देहाबद्दल, कारण तक्रार इथेच सर्वांत मोठी आहे. पाचशे-सहाशे पानांचं पेपरबॅक शिवलेलं नसतं, गरम गोंदाने कण्याला चिकटवलेलं असतं. खरेदी एप्रिलमध्ये झाली आणि पुस्तकांनी मे महिना पत्र्याच्या बंद खोलीत काढला. त्या उष्णतेत गोंद आधी सैल झाला, मग सुकून कडक झाला. जुलैत पुस्तक सपाट उघडताच तिन्हींचे कणे मधोमध तडकले आणि सुटी पानं हातात आली.

दुरुस्तीची पद्धत कामी आली ती अशी. चारशे पानांच्या वरचं पुस्तक प्रकरण संपतं तिथे धारदार पात्याने दोन भागांत कापावं. प्रत्येक भागाची पानं कण्याच्या बाजूने ठोकून सारखी करावी, दोन फळ्यांत आवळावी आणि कण्यावर फेव्हिकॉलचा पातळ हात द्यावा. सुकल्यावर दुसरा हात. मग कण्यापासून सात-आठ मिलिमीटर आत दाभणाने पाच भोकं पाडून मेणाच्या दोऱ्याने शिवावं. सुतळी जाड पडते, पान फाडते. भोकं यापेक्षा आत घेतली तर आतल्या समासातली अक्षरं शिवणीत जातात. वरून पुठ्ठा आणि कापडी पट्टी चिकटवून चोवीस तास वजनाखाली ठेवावं. अखंड पुस्तक एका वेळी एकाच घरी जातं, दोन भाग केले की दोन घरी जातं, हा फायदा आधी लक्षात आला नव्हता. पावसाळ्यात मांडणी भिंतीपासून वीतभर पुढे ओढावी, पायांना जळकं ऑइल फासावं म्हणजे वाळवी चढत नाही. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण वाळवून. ओला पाला ठेवला की पानांना बुरशी येते.

किंमत एका प्रतीला साडेतीनशे ते सहाशे, आणि खरा खर्च मालिकेत आहे. पहिला भाग ऐन लढाईत तुटतो आणि पुढचे दोन-तीन भाग घेतल्याशिवाय सुटका नसते. ज्याचा पहिला भाग स्वतःपुरता पूर्ण होतो असंच पुस्तक आधी घ्यावं. शेळ्यांच्या हिशेबाच्या कादंबरीचा दुसरा भाग मागवायचा आहे, तो मात्र जूनच्या शेवटच्या आठवड्यात. आल्या दिवशीच कापून, शिवून, मगच नोंदवहीत चढवायचा.