सिडकोतली जॉब कन्सल्टन्सी : ऑफर 16 हजारांची, हातात साडेअकरा

मेकॅनिकल डिप्लोमा झाल्यावर चार महिने अंबाजोगाईत घरीच होते, मग मैत्रिणीनं संभाजीनगरच्या सिडकोतल्या एका जॉब कन्सल्टन्सीचा पत्ता दिला. नाव टाकत नाही, पण बीड, परभणी, जालन्याची लई लेकरं तिथं जायलेत म्हणून सविस्तर लिहिते.

चांगलं आधी. चार दिवसांत वाळूज एमआयडीसीत इंटरव्ह्यू लागला, क्वालिटी ट्रेनी म्हणून. कन्सल्टन्सीतल्या मॅडमनी अर्धा तास समोर बसवून व्हर्निअरचा लीस्ट काउंट, मायक्रोमीटरचं रीडिंग, ड्रॉइंगवरचा टॉलरन्स सगळं घोकून घेतलं अन् इंटरव्ह्यूत बरोबर तेच विचारलं. यासाठी त्यांना मनापासून मार्क देते.

घोळ पगाराचा. फोनवर म्हणाले सोळा हजार फिक्स. बाबांनी तर गावात सांगून पण टाकलं. मग कागद हातात आला तर सोळा म्हणजे सीटीसी, म्हणजे कंपनीला माझ्यावर होणारा सगळा खर्च, त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) अन् दिवाळीचा बोनस पण धरलेला. बेसिक 11,000 अन् ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार, 13,300. त्यातून माझा 12 टक्के पीएफ म्हणजे 1,320, ईएसआयसी पाऊण टक्का म्हणजे 100 रुपये, कॅन्टीनचे 400, वरून कन्सल्टन्सीच्या हिशोबात प्रोफेशनल टॅक्स 200 पण लिहिलेला. पोरींनो, हे बघून ठेवा, 2023 पासून आपल्या राज्यात बायकांना महिना 25,000 पर्यंत हा टॅक्स नाही. मी कंपनीच्या एचआरला दाखवलं तर त्यांनी लगेच काढला. हातात 11,480.

लई रडले त्या रात्री. इतकं शिकून साडेअकरा? तेवढ्यात सिडकोतच एका ऑफिसात डेटा एन्ट्रीचं काम मिळत होतं, रोख 14,000, पीएफ नाही काही नाही. आई म्हणाली, "बाई, जास्त देतेत तिथंच जा की, घराला हातभार लागंल." तिचं पण चुकत नव्हतं, सोयाबीनचे पैसे त्या वर्षी औषधा-बियाणातच गेले होते.

मी वहीत हिशोब मांडला. बजाजनगरला तिघींत रूम, माझ्या वाट्याला 1,500, मेस 2,800, कंपनीची बस फुकट, किरकोळ हजार धरा. म्हणजे घरी पाच हजार पाठवून पण थोडे उरतेत. मग एचआरला सरळ विचारलं, सर, मला नुसतं व्हिज्युअल इन्स्पेक्शनला, म्हणजे डोळ्यांनी पार्ट तपासायला, उभं करणार का सीएमएमवर (पार्टची बारीक मापं घेणारं मशीन) शिकवणार? ते म्हणाले तीन महिन्यांनी सीएमएमवर घेऊ, मी म्हणलं ऑफर लेटरमध्ये लिहून द्या, दिलं त्यांनी. त्याच कागदावर मी सही केली. लिहून दिलं नसतं तर मी डेटा एन्ट्रीलाच गेले असते, खरं सांगते.

आता सातवा महिना, चौथ्यापासून सीएमएमवर आहे, प्रोग्राम अजून सिनियर दादा लावून देतेत पण मोजणी अन् रिपोर्ट माझा मी काढते.

कन्सल्टन्सीची फी 6,000, अर्धी जॉइनिंगला, अर्धी पहिल्या पगारावर, पावती मागितल्याशिवाय देत नाहीत. आणखी एक खटकलं, ओरिजिनल मार्कशीट जमा करा म्हणाले होते. मी नाही दिली, झेरॉक्सवर काम झालं. तुम्ही पण देऊ नका, कुणी कितीही घाई करू द्या.

पाचपैकी तीन. इंटरव्ह्यूच्या तयारीसाठी जा, पगाराचा आकडा मात्र कंपनीच्या एचआरकडूनच ब्रेकअपसकट लिहून घ्या. शनिवारी लई गर्दी राहते, मंगळवारी-बुधवारी सकाळी गेलं तर मॅडम निवांत बोलतेत.