उत्तरेच्या सांदीत वर्षभरात काय टिकलं: नागपुरातल्या बुटक्या झाडांचा अनुभव

आमच्या घराची उत्तरेकडची भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये जेमतेम तीन फुटांची सांदी आहे. त्यात ड्रेनेजची चेंबरं, पाण्याचा मीटर, गच्चीवरून उतरणारा पाइप आणि खिडकीबाहेर कूलरचं लोखंडी स्टँड. प्लंबरला पाय ठेवायला जागा हवी आणि पानांखाली साप-विंचू दडलेला दिसायला हवा, म्हणून फूटभरापेक्षा उंच काही नको होतं. हरळीला ऊन लागतं, ती तिथे धरतच नाही. गेल्या जुलैत लावलेली झाडं आता एक उन्हाळा काढून दुसऱ्या पावसाळ्यात आली आहेत, म्हणून लिहिते आहे.

आधी सावलीबद्दल, कारण सगळा खेळ तिथेच आहे. उत्तरेची बाजू म्हणजे बारमाही सावली, असं आपण धरून चालतो. हिवाळ्यात ते खरंही असतं. पण नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साधारण 21 अंशांवर आहे. मे अखेरीस दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून जुलैच्या मध्यापर्यंत किंचित उत्तरेकडून जातो. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन तर त्याच्या कितीतरी आधीपासून सांदीत शिरायला लागतं. म्हणजे पारा 45 कडे जातो, नेमकी तेव्हाच ही जागा सावलीची राहत नाही. वरून सिमेंटच्या दोन भिंती रात्रीपर्यंत धग सोडत असतात. नर्सरीत ‘भाऊ, हे सावलीत चालेल का?’ विचारलं, की ‘चालते ना जी’ हे उत्तर ठरलेलं. ते खोटंही नाही, त्यांच्याकडे हिरव्या नेटखाली, रोजच्या फवाऱ्यात सगळंच चालतं. विचारायचं ते असं: नवतप्यात, म्हणजे मे अखेरीच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, संध्याकाळचं दोन तास ऊन आणि गरम वारा हे झाड सोसेल का?

या कसोटीवर पहिला नंबर निर्विवाद मॉन्डो ग्रासचा. काही नर्सऱ्यांत याला मंकी ग्रास म्हणतात. नाव गवताचं असलं तरी हे गवत नव्हे. गर्द हिरवी, दोऱ्यासारखी बारीक पानं, उंची वीतभर, कापायची गरज नाही. पावसाळ्यात एक ठोंब विभागायला उपटला, तर मुळांना शेंगदाण्याएवढ्या पांढऱ्या गाठी लोंबत होत्या. त्यात पाणी साठवलेलं असतं, एखादं पाणी चुकलं तरी झाड मान टाकत नाही ते यामुळे. मे महिन्यात पानांची टोकं तेवढी पिवळी पडली, ठोंब एकही गेला नाही. वाढ मात्र फार संथ. पहिले काही महिने जागचं हलत नाही असंच वाटतं, मधली माती उघडी दिसत राहते. घाई असेल तर चार बोटांच्या अंतरावर लावा, पैसे जास्त लागतील पण तण कमी येईल. चेंबरच्या झाकणाभोवती याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही, झाकण उचलताना पाय पडला तरी सावरतं.

बुटका ऱ्हिओ, वरून हिरवा आणि खालून जांभळा, तोही उत्तम टिकला. उन्हाच्या टोकाकडे त्याचा रंग उलट जास्त खुलला. तोडताना निघणाऱ्या रसाने हाताला खाज सुटते, तेवढे हातमोजे घाला.

टर्टल वाइन पावसाळ्यात बघत राहावी अशी. प्रत्येक पेराला मूळ फुटतं, दिवाळीपर्यंत तिने पाइपाखालची सगळी माती झाकली. एप्रिलच्या मध्यापासून मात्र वाळून काडी झाली. नागपुरात तिला जमिनीवरचं कायमचं झाड धरू नका. एक कुंडी आतल्या खिडकीत जपायची, पाऊस लागला की तुकडे पसरून द्यायचे.

बोस्टन फर्न फक्त कूलरखाली जगला. ओल्या जाळ्यांमुळे तिथली हवा दमट राहते आणि थेंब पडत असतात. चार पावलांवर त्याच लॉटमधला दुसरा फर्न मे महिन्यात करपला. याच कूलरच्या पाण्याने स्पायडर प्लांटची टोकं मात्र तपकिरी झाली. कूलरमधलं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि टाकी रिकामी करताना तेच दाट पाणी आपण झाडांना घालतो. मार्चपासून ते पाणी झाडांना देणं बंद केलं, नवी पानं स्वच्छ आली.

वेडेलिया शेजारच्या काकूंनी प्रेमाने देऊ केली होती, मी घेतली नाही. सावलीत ती फारशी फुलत नाही आणि पसरायला लागली की आवरत नाही. जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे.

मातीवर खर्च करा, असं आवर्जून सांगेन. आमच्याकडे वर बांधकामाचा मलबा आणि खाली काळी माती. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि बारीक मुळं तोडते. वीतभर मलबा काढून निम्मी वाळू, बाकी शेणखत आणि थोडी काळी माती भरली. भिंतीलगतची फूटभर पट्टी गिट्टीची ठेवली, पाया ओला राहू नये म्हणून.

पावसाळ्यात गोगलगायी येतात, रात्री टॉर्च घेऊन वेचाव्या लागतात. मॉन्डोला त्या तोंड लावत नाहीत, कोवळ्या फर्नवर तुटून पडतात. यंदा टर्टल वाइनची जागा कमी करून तिथे मॉन्डोचेच विभागलेले ठोंब लावते आहे.