मंगळवार-शुक्रवारची आरोग्य-उत्तरं: संसदेची प्रश्नोत्तर सेवा किती कामाची?

विरोधकांनी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला काय विचारलं आणि सरकारने काय सांगितलं, हे घरबसल्या तपासायच्या तीन जागा आहेत: संसद टीव्हीचं थेट प्रक्षेपण, डिजिटल संसद हे संकेतस्थळ आणि पत्र सूचना कार्यालयाची प्रसिद्धिपत्रकं. तिन्ही फुकट आहेत. पण जिथे प्रेक्षक सर्वाधिक, तिथे माहिती सर्वात कमी, असा उलटा हिशेब आहे.

आधी वार लक्षात ठेवा. मंत्रालयांना प्रश्नांसाठी वार वाटून दिलेले असतात. आरोग्य खात्याचा लोकसभेत शुक्रवार, राज्यसभेत मंगळवार. लोकसभेत प्रश्नोत्तराचा तास सकाळी ११ वाजता, तर राज्यसभेत दुपारी १२ वाजता. राज्यसभेतही तो पूर्वी ११ लाच असायचा, पण दिवसाचा पहिला तासच गोंधळात वाहून जायचा. म्हणून २०१४ च्या हिवाळी अधिवेशनापासून शून्य प्रहर (सदस्यांनी तातडीचे विषय मांडण्याची वेळ) आधी आणि प्रश्न नंतर, अशी अदलाबदल झाली. गोंधळ थांबला नाही, तोही बाराला येऊ लागला.

राज्यसभेच्या मंगळवारला एक वेगळी गंमत आहे. जून २०२४ मध्ये जे. पी. नड्डा आरोग्यमंत्री झाले आणि त्याच महिन्यात राज्यसभेचे सभागृह नेतेही झाले. खाटा, डॉक्टर, एम्स यांवर उत्तर देणारा आणि सभागृहाचा वेळ कशाला द्यायचा यावर सरकारची बाजू मांडणारा माणूस एकच. वेळेचं वाटप कामकाज सल्लागार समितीत ठरतं. चर्चेत कोणत्या पक्षाला किती मिनिटं, हे सदस्यसंख्येवरून निघतं. विरोधकांचा लकडा असतो नियम २६७ चा, म्हणजे ठरलेलं कामकाज बाजूला ठेवून चर्चा घ्या. सरकारला सोयीचा असतो नियम १७६, म्हणजे अडीच तासांची अल्पकालीन चर्चा. २०२३ च्या पावसाळी अधिवेशनात मणिपूरवरून याच दोन आकड्यांवर दिवसच्या दिवस गेले. आरोग्यावरची चर्चाही अनेकदा याच रस्सीखेचीत अडकते.

थेट प्रक्षेपण. संसद टीव्ही ही लोकसभा टीव्ही आणि राज्यसभा टीव्ही एकत्र करून सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालेली वाहिनी. चित्र-आवाज उत्तम, यूट्यूबवर जुनं कामकाजही सापडतं. पण एका तासात होतं किती? राज्यसभेच्या यादीत दिवसाला १५ तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे, प्रश्न असतात, लोकसभेत २०. साठ मिनिटांत १५ म्हणजे प्रत्येकी चार मिनिटं, त्यात मूळ उत्तर, विचारणाऱ्याचे दोन पुरवणी प्रश्न आणि इतर सदस्यांचेही. बहुतेक दिवशी यादीच्या निम्म्यापर्यंतही पोहोचणं होत नाही. लोकसभेत २७ नोव्हेंबर २०१९ रोजी सगळे २० तारांकित प्रश्न पार पडले, तर ती १९७२ नंतरची पहिलीच वेळ म्हणून बातमी झाली! शिवाय त्या दिवशीच्या यादीत फक्त आरोग्य नसतं, त्या वाराच्या सगळ्या मंत्रालयांचे प्रश्न सरमिसळ असतात. आरोग्याचा प्रश्न बाराव्या क्रमांकावर असेल, तर टीव्हीसमोर बसणं व्यर्थ.

तरीही प्रक्षेपण पूर्ण टाकाऊ नाही. मूळ उत्तर अधिकाऱ्यांनी लिहून दिलेलं असतं. पुरवणी प्रश्नाला मात्र मंत्र्याला उभ्या उभ्या बोलावं लागतं, आणि खात्याची तयारी किती पोकळ आहे ते तिथेच कळतं. त्यामुळे सभागृह तहकूब झालं की नुकसान नेमकं एवढंच होतं. लेखी उत्तरं पटलावर ठेवली गेलीच असं मानलं जातं, ती कुठे जात नाहीत. जाते ती मंत्र्याची उलटतपासणी. गोंधळ विरोधकांनी घालायचा आणि त्यातून सुटका मंत्र्याची व्हायची, हा सौदा विरोधकांना का परवडतो, ते त्यांनाच ठाऊक.

डिजिटल संसद. खरा माल इथे. तारांकित प्रश्नांखेरीज रोज लोकसभेत २३० आणि राज्यसभेत १६० अतारांकित प्रश्न असतात, ज्यांना फक्त लेखी उत्तर मिळतं. जिल्हावार, वर्षवार तक्ते याच उत्तरांच्या परिशिष्टांत दडलेले असतात. शोधताना आधी सभागृह निवडा, मग अधिवेशन, मग मंत्रालय, आणि शब्द सगळ्यात शेवटी टाका. सुरुवातच शब्दाने केली तर हाती फार थोडं लागतं, कारण शीर्षकं मोघम असतात. "डायलिसिस"वरचं उत्तर "आरोग्य सुविधांची कमतरता" अशा शीर्षकाखाली निघू शकतं.

अधिवेशनांच्या क्रमांकात नवखे हमखास फसतात. लोकसभा विसर्जित होते, म्हणून प्रत्येक नव्या लोकसभेत अधिवेशनं पुन्हा १ पासून मोजतात. राज्यसभा कायम सभागृह, तिची मोजणी अखंड. २०२५ चं अर्थसंकल्पीय अधिवेशन राज्यसभेचं २६७ वं होतं. (हो, नियमाचा आणि अधिवेशनाचा आकडा एकच. शोधताना घोळ होतो.)

दुसरी फसगत मंत्रालयाच्या निवडीत. औषधांच्या किमती आणि जनऔषधी केंद्रं रसायने व खते मंत्रालयाकडे. कामगार विम्याची (ईएसआय) रुग्णालयं कामगार मंत्रालयाकडे. आयुर्वेद-होमिओपॅथी आयुष मंत्रालयाकडे, पोषण आहार महिला व बालविकासकडे, आरोग्य विम्यावरचा जीएसटी अर्थ मंत्रालयाकडे. यातलं काहीही "आरोग्य" निवडून शोधलं तर रिकाम्या हाताने परतावं लागेल. उणीव भाषेचीही आहे: उत्तरं इंग्रजी आणि हिंदीत. सदस्याला सभागृहात मराठीत बोलता येतं, पण लेखी उत्तर मराठीत मिळत नाही. जुन्या उत्तरांच्या स्कॅन केलेल्या प्रतींत तर शब्दही शोधता येत नाही.

उत्तर वाचायचं कसं. सेवेचा दर्जा इथे खरा जोखला जातो. पहिली खूण म्हणजे "(क) ते (ङ)". प्रश्नाचे पाच भाग असतात आणि उत्तरात ते एकत्र बांधून योजनांची यादी दिली जाते. असं दिसलं की समजावं, निदान एका भागाचं उत्तर टाळलंय. दुसरी खूण: "सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा राज्यांचा विषय आहे." राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे हे खरंच आहे, पण या वाक्यानंतर आकडे येतात की पळवाट, ते पाहा.

याचा सर्वात गाजलेला नमुना २० जुलै २०२१ चा, मंगळवारचाच. कोविडच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनअभावी किती मृत्यू झाले, या प्रश्नाला तेव्हाच्या आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांनी राज्यसभेत लेखी उत्तर दिलं की राज्यांनी ऑक्सिजनच्या कमतरतेने झालेले मृत्यू विशेषत्वाने कळवलेले नाहीत. महाराष्ट्रात ते जास्तच झोंबलं. पवार तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीच्या खासदार होत्या, आणि २१ एप्रिलला नाशिकच्याच झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजन टाकीची गळती होऊन वीसहून अधिक रुग्ण दगावले होते. उत्तर नीट वाचलं तर ते "मृत्यू झाले नाहीत" असं म्हणत नाही, "कळवले नाहीत" असं म्हणतं. तांत्रिकदृष्ट्या ते चुकीचं ठरवता येत नाही, आणि नेमकं म्हणूनच ते वाईट उत्तर आहे. पुढच्याच महिन्यातल्या उत्तरात आंध्र प्रदेशचा अपवाद आला.

तिसरी खूण आकड्यांच्या व्याख्येत. डॉक्टर-लोकसंख्या प्रमाण १:८३४ असल्याचं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या १:१००० पेक्षा चांगलं असल्याचं, अनेक उत्तरांत सांगितलं गेलं. त्याच उत्तरात आधार दिलेला असतो: जून २०२२ पर्यंत नोंदणीकृत १३,०८,००९ ॲलोपॅथी डॉक्टरांपैकी ८० टक्के उपलब्ध मानले, आणि ५.६५ लाख आयुष डॉक्टर मिळवले. आयुष वगळून तोच हिशेब केला तर प्रमाण १:१२८० च्या आसपास जातं. म्हणजे १:१००० च्या पलीकडे. सरकारने लपवलं काहीच नाही, दोन ओळी खाली छापलंय. बातम्यांत मात्र फक्त पहिली ओळ येते.

प्रसिद्धिपत्रकं. पत्र सूचना कार्यालयाच्या मुंबई शाखेकडून यातली काही मराठीत येतात, बहुधा त्याच दिवशी. सोय चांगली, पण निवड सरकारची असते आणि मूळ प्रश्न छापत नाहीत. काय विचारलं होतं हे कळल्याशिवाय उत्तर टाळलंय का, हे कसं कळणार? संदर्भासाठी मूळ उत्तराकडेच जावं.

तुमच्या खासदारामार्फत प्रश्न टाकायचा असेल तर पूर्ण पंधरा दिवसांची सूचना लागते, म्हणून अधिवेशनाची तारीख जाहीर होताच मसुदा द्या. लोकसभेत १५० शब्दांची मर्यादा आहे. मतं आणि आरोप असतील तर प्रश्न फेटाळला जातो. "सरकार काय पावलं उचलत आहे" हा भाग टाकूच नका, तो योजनांच्या यादीला दिलेलं आमंत्रण असतो. त्याऐवजी मंजूर पदं, भरलेली पदं, मंजूर निधी, प्रत्यक्ष खर्च, हे राज्यवार आणि तीन वर्षांचं मागा. जिल्हा रुग्णालयातला एखादा विशिष्ट प्रकार दिल्लीत विचारून उपयोग नाही. त्याला विधानसभेतला तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी हाच रस्ता, आणि तिथेही सार्वजनिक आरोग्य व वैद्यकीय शिक्षण ही दोन वेगळी खाती आहेत हे विसरू नका. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं रुग्णालय दुसऱ्या खात्यात येतं.

आणि उत्तर "माहिती गोळा केली जात असून पटलावर ठेवली जाईल" असं आलं, तर नाराज होऊ नका. ते आश्वासन ठरतं. तीन महिन्यांत पूर्ण करणं अपेक्षित असतं आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. मुदती वाढवून घेणं सर्रास चालतं, पण संसदीय कामकाज मंत्रालयाच्या ऑनलाइन प्रणालीत आश्वासनांची नोंद राहते. प्रश्नाचा क्रमांक आणि तारीख जपून ठेवली तर पुढच्या अधिवेशनात खासदाराच्या हाती तेवढा कागद पुरतो.