तळ्यासाठी जुनी दहा फुटी फायबरची होडी: घ्यावी का?

घ्यावी, पण मागची फळी तपासल्याशिवाय विसार देऊ नये. ठाणे-नवी मुंबईत दोघांनी तळ्यावर वल्हवायला कमी पैशांत यापेक्षा बरी होडी मिळणं कठीण. हवेची होडी घडी करून माळ्यावर टाकता येते हे खरं, पण वारा सुटला की ती भरकटते. शिवाय जुनी झाली की शिवणीतून हवा सोडते. भोक ठिगळाने बुजतं, शिवण मात्र पुन्हा पक्की होणं कठीण.

फायबर कुजत नाही. कुजतं ते त्याच्या आतलं लाकूड. मागच्या फळीत, म्हणजे जिथे इंजिन टांगतात तिथे, फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड असतं. इंजिनाच्या बोल्टची भोकं उघडी राहिली की पाणी तिथून मुरतं. नाणं घेऊन फळीभर आणि तळावर टकटक करा. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द आला तर थर सुटलेत किंवा लाकूड मऊ पडलंय. फळी बदलायची म्हणजे आतला थर कापा, मरीन प्लाय (पाण्यात टिकणारं प्लायवूड) बसवा, वर काचतंतूंची मॅट आणि ती घट्ट धरणारं रेझिन चढवा. स्वस्त होडीवर एवढा खर्च करू नये, सरळ दुसरी बघावी.

मग वजन. रिकामी होडी साधारण ५० ते ७० किलोची, दोघांना उचलता आली पाहिजे. चौघे लागत असतील तर बसायच्या पाटाखालचा फोम पाणी प्यायलाय. हा फोम फार मोलाचा. फायबर पाण्यापेक्षा जड असतं, होडी उलटल्यावर तिला वर ठेवतो तो फोमच.

गळती पाहायला होडी विटांवर ठेवा, आत चार-पाच बादल्या पाणी ओता आणि अर्धा तास खालून बघा. जेलकोटवरच्या, म्हणजे फायबरच्या बाहेरच्या चकचकीत थरावरच्या, केसासारख्या भेगा चालतात. पण एका बिंदूतून चांदणीसारख्या फुटल्या असतील तर तिथे मार बसलाय. आतल्या बाजूने तपासा. नुकताच रंग मारलेला असेल तर जास्तच बारकाईने.

नवी मुंबईतल्या दिवाळे, सारसोळे या कोळी गावांकडची होडी खाडीत चाललेली असणार. फायबरला खाऱ्या पाण्याचा त्रास नाही, पण नट-बोल्ट आणि वल्ह्यांच्या कड्या गंजतात. त्या जागी ३१६ स्टेनलेस (खाऱ्या पाण्यात टिकणारं पोलाद) बसवा. ठिगळाचं काम दिवाळीनंतर काढा, पावसाळी दमट हवेत रेझिन नीट धरत नाही.

माणसं किती? फुटांत लांबी गुणिले रुंदी, भागिले १५. दहा बाय चारच्या होडीत दोघंच, दोघांनाही लाइफ जॅकेट.

छोटा हत्तीचा हौदा सात फुटांचा, त्यामुळे होडी तीन फूट बाहेर येते. असा बाहेर आलेला माल आता नियमात बसत नाही, मोठ्या हौद्याची गाडी बघा. ठाण्याच्या मासुंदा किंवा उपवन तलावात उतरवायची असेल तर व्यवहाराआधीच महापालिकेची लेखी परवानगी मिळते का ते विचारा.

जुन्या होडीबरोबर बऱ्याचदा आखूड वल्ही गळ्यात मारतात. चार फूट रुंदीला साधारण सात ते आठ फुटांची लागतात. नसतील तर तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या.