अल्स्टर सांगून सलून विकली: युद्धपूर्व रेसिंग कार घेणाऱ्यांसाठी

इंग्लंडात जुन्या गाड्यांचा नाद असलेले आपले बरेच लोक आहेत. त्यांच्यासाठी, आणि इथून गाडी न्यायच्या विचारात असलेल्या पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी हे लिहितोय. ऑस्टिन सेव्हन ही छोटी ब्रिटिश गाडी, आणि अल्स्टर हे तिचं रेसिंगचं मॉडेल. माझ्या आणि माझ्या मेव्हण्याच्या गळ्यात ऑस्टिन सेव्हन अल्स्टर म्हणून जी गाडी मारली गेली, ती अल्स्टर नव्हतीच. मुळात ती सलून, म्हणजे बंद टपाची साधी गाडी. ६८,००० पौंड मोजले. रेप्लिका, म्हणजे नक्कल, म्हणून तिला याच्या एक तृतीयांशही कोणी दिले नसते.

या गाडीला एवढी किंमत का, ते आधी सांगतो. १९२९ साली बेलफास्टजवळ आर्ड्‌सच्या रस्त्यांवर अल्स्टर टीटी (टूरिस्ट ट्रॉफी) ही मोटारशर्यत झाली. काराच्चोलाची मर्सिडीज पहिली आली, आणि अवघ्या ७४७ सीसीच्या सुपरचार्ज्ड ऑस्टिनवर आर्ची फ्रेझर-नॅश तिसरा! त्या शर्यतीचंच नाव पुढे या मॉडेलला चिकटलं. १९३० मध्ये इंग्लंडातल्या ब्रुकलँड्स ट्रॅकवरची ५०० मैलांची शर्यत सॅमी डेव्हिस आणि अर्ल ऑफ मार्च यांनी अल्स्टरवर जिंकली, ताशी ८३ मैलांच्या सरासरीने. ऑस्टिनच्या लाँगब्रिजच्या कारखान्यातून अल्स्टर मोजक्याच निघाल्या, साध्या सेव्हन मात्र तीन लाखांच्या आसपास. त्यामुळे साध्या गाडीची बॉडी उतरवायची आणि तिच्यावर अल्स्टरची निमुळत्या शेपटीची बॉडी चढवायची, हे काम इथे वर्षानुवर्षं उघडपणे चालतं. त्यात काही गैर नाही. रेप्लिका रेप्लिका म्हणून विकली तर कोणाचीच तक्रार नसते.

आमचा विक्रेता मात्र फोनवर आणि गाडीशेजारी उभं राहूनही "कारखान्यातूनच निघालेली अस्सल अल्स्टर, शेवटच्या काहींपैकी" असंच सांगत होता. सोबत जाडजूड फाइल. त्यात ब्रुकलँड्सचे फोटो होते, तेही खरे, पण एकाही फोटोत नंबरप्लेट वाचता येत नव्हती. व्ही-फाइव्ह-सी, म्हणजे इथलं गाडीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र, दाखवलं. त्या कागदावर गाडी कोणाच्या नावे नोंदली आहे एवढंच कळतं. मालकीचा पुरावा म्हणून तो चालत नाही, आणि गाडी अस्सल असल्याचा तर नाहीच. पावतीवर त्याने लिहिलं, "ऑस्टिन सेव्हन स्पोर्ट्स, १९३१." अल्स्टर हा शब्द त्याने कुठेही लिहून दिलेला नाही. तोंडी मात्र शंभरदा.

जुन्या ऑस्टिन दुरुस्त करण्यात हयात गेलेले एक मेकॅनिक गाडी पाहायला आले. त्यांनी आधी व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, मोजला, तो ७५ इंच, म्हणजे बरोबर. मग गाडी वर घेऊन ते खाली शिरले आणि चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, पट्टीवरून अंगठा फिरवत मागे सरकत गेले. एका जागी थांबले, तिथला नवा काळा रंग पात्याने खरवडला, आणि खाली घासून सपाट केलेली वेल्डिंगची आडवी रेघ निघाली. दुसऱ्या पट्टीवर त्याच जागी तशीच रेघ. १९३१ च्या अखेरीस सेव्हनची चेसिस सहा इंचांनी लांबली. अल्स्टर आधीच्या आखूड चेसिसवरची. आमच्या गाडीची लांब चेसिस कापून सहा इंच काढून टाकले होते.

इंजिनाचीही तीच गत. अल्स्टरच्या क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याला, तेल दाबाने पोचतं. साध्या सेव्हनमध्ये जेटमधून नुसती धार उडते, त्यामुळे गेजवर दाब नावालाच दिसतो. ट्रायलच्या वेळी आमच्या गेजचा काटा जेमतेम हलला, तेव्हा विक्रेता म्हणाला होता, "तेल गरम झालं की असंच होतं." एवढं सराईत उत्तर ज्याच्या तोंडी तयार असतं, त्याने ते याआधीही कोणाला तरी दिलेलं असतं, असं माझं ठाम मत आहे.

शेवटचा पुरावा मिळाला तो जुन्या नोंदणीच्या वहीत. पूर्वी इथे गाड्यांची नोंदणी कौन्सिलकडे होत असे, आणि त्यातल्या बऱ्याच वह्या दफ्तरखान्यांमध्ये अजून जपलेल्या आहेत. आमच्या नंबरासमोर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: सलून.

तेव्हा बयाणा देण्याआधी ही नोंद मागवाच. ऑस्टिन सेव्हनच्या क्लबांकडे कारखान्याच्या काळातली माहिती आहे, तिथे चेसिस, इंजिन आणि गाडीचा नंबर कळवून विचारा. तपासणारा माणूस तुम्ही निवडलेला हवा, विक्रेत्याने सुचवलेला नको. पावतीवर "अस्सल अल्स्टर" हे शब्द लिहून घ्या. लिहायला का-कू केली तर पैसे खिशातच ठेवा. आणखी एक: डीलरकडून घेतलेल्या वस्तूत खोट निघाली तर इथल्या ग्राहक कायद्याने ३० दिवसांत ती परत करता येते. खासगी विक्रीला हे लागू नाही. आमचा माणूस एकामागून एक गाड्या विकतो, पण कागदावर खासगी विक्रेता आहे. हा माणूस गाड्या विकायचा धंदाच करतो हे दाखवायच्या मागे आता आमचे वकील आहेत, आणि खोटं सांगून विकल्याचा वेगळा दावाही टाकतो आहोत.

विक्रेता आता फोन उचलत नाही. मात्र गेल्या महिन्यात त्याची नवी जाहिरात आली आहे. या वेळी एमजी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार, "ब्रुकलँड्सवर धावलेली", आणि चेसिसचा एकही फोटो नाही.